पाण्यात बुडलेल्या पॉल रिंगा आणि माझे 1,31,208 रुपये

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कुंपणाची तार आणि लोखंडी खांब गॅल्व्हनाइझ करण्याचा माझा छोटा कारखाना आहे. रोही आणि रानडुकरांपायी आमच्याकडे जून ते ऑगस्टमध्ये कुंपणाच्या मालाला उसंत नसते. लोखंड जस्तात बुडवण्यापूर्वी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या हौदात धुवावे लागते, आणि त्या हौदावरची वाफ ओढून धुण्यासाठी पॅक्ड टॉवर स्क्रबर, म्हणजे पोकळ रिंगांनी भरलेला वाफ धुण्याचा उभा टॉवर, लावावा लागतो. माझ्या टॉवरचा व्यास 1 मीटर, आत रिंगांचा थर अडीच मीटरचा आणि वरून आम्ल मारणारे कॉस्टिक सोड्याचे पाणी. नऊ वर्षांत आतले सामान झिजले होते, म्हणून मे 2025 मध्ये सगळेच बदलायचे ठरवले.

ओळखीच्या पुरवठादाराने 1,58,000 रुपये सांगितले. इंटरनेटवर सापडलेल्या परराज्यातल्या एका विक्रेत्याने 38 मिलिमीटरच्या पॉलिप्रॉपिलीन (प्लास्टिकच्या) पॉल रिंगा, म्हणजे टॉवरमध्ये भरायच्या जाळीदार पोकळ रिंगा, 2.25 घनमीटर, 16,500 रुपये दराने, म्हणजे 37,125 रुपयांत देऊ केल्या. त्याशिवाय रिंगा तोलणारी खालची सपोर्ट ग्रिड 22,000, पाणी सारखे पसरवणारा वरचा लिक्विड डिस्ट्रिब्यूटर 28,500 आणि बाहेर जाणाऱ्या हवेतले थेंब अडवणारा डेमिस्टर पॅड 19,500. अठरा टक्के जीएसटी धरून बेरीज 1,26,408 रुपये झाली. निम्मे, म्हणजे 63,204, मी आगाऊ भरले आणि उरलेले तेवढेच माल गाडीत भरल्याचा व्हिडिओ पाहून भरले. ट्रकचे भाडे 4,800 रुपये वेगळे. खाते एका व्यक्तीच्या नावाचे होते. विचारल्यावर "कंपनीच्या चालू खात्याची केवायसी अडकली आहे" असे उत्तर आले. पुढचे सविस्तर सांगत नाही, असले धंदे कसे चालतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होते. मात्र हंगाम तोंडावर होता, हौदावर वाफ साचत होती आणि वीस हजारांवर रक्कम वाचत होती. माझ्या जागी कोणीही असते तर बहुधा हेच केले असते.

खरी लाज वाटते ती पैशांची नाही. माल आला त्या दिवशी टॉवरमध्ये भरण्यापूर्वी रिंगा धुवून घ्याव्यात म्हणून आमच्या हाताखालच्या पोराने एक पोते टाक्यात रिकामे केले. त्याने मला हाक मारली, "भाऊ, हे तं सारे खाली जाऊन बसले." मी जाऊन पाहिले. टाक्याच्या तळाशी पांढऱ्या रिंगांचा ढीग स्वस्थ पडला होता, वर एकही तरंगत नव्हती. मी त्याला म्हणालो, "माल भरीव आहे, म्हणून बुडतो. तू आपलं काम कर." पॉलिप्रॉपिलीनची घनता पाण्यापेक्षा कमी, 0.9 च्या आसपास असते. नऊ वर्षे दर सफाईला जुन्या रिंगा याच टाक्यात मुरमुऱ्यांसारख्या वर येत, आणि त्यांना दाबून धुवावे लागते म्हणून हाच पोरगा कुरकुर करी. मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. त्याआधी बारा वर्षे जिनिंगमध्ये काढली आहेत. कापसाची गाडी नेहमीपेक्षा जड लागली की पाणी मारले आहे हे हात घालून ओळखणारा माणूस मी, आणि इथे पोती उचलायला दोघे लागतात हे पाहून मनातून खूश झालो.

त्या रिंगांत चुन्याच्या दगडाची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलेले पुन्हा वितळवलेले प्लास्टिक होते. पुढे एक रिंग मोडून तिच्या तुटलेल्या कडेवर हौदातले अ‍ॅसिड टाकले तेव्हा बारीक बुडबुडे उठले. कॉस्टिकचा डोस कमी पडला की टॉवरच्या तळाकडचे पाणी आम्ल होते; तिथे ही भुकटी विरघळत गेली आणि रिंगा पोकळ, ठिसूळ होऊन वरच्या वजनाने चुरल्या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात टॉवरमधला अडथळा दाखवणाऱ्या पाण्याच्या यू आकाराच्या नळीवरचा दाब 45 मिलिमीटरवरून 130 वर गेला, चुरा ग्रिडमधून खाली उतरून पंपाच्या जाळीत अडकला आणि वाफ पुन्हा शेडमध्ये फिरू लागली. शेजारच्या शेतातल्या सोयाबीनची पाने करपल्याची तक्रार झाली आणि प्रदूषणाच्या कार्यालयाची नोटीस आली. डेमिस्टर पॅड उघडला तर आत मासे धरायचे नायलॉनचे जाळे घड्या घालून शिवलेले होते. नायलॉन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडपुढे टिकत नाही.

मापही कमीच होते. रिंगा भरल्यावर थर अडीच मीटरऐवजी दोन मीटरच्या किंचित वर थांबला होता. विक्रेता म्हणाला की रिंगा दाबून बसतात. बाहेर काढून दोनशे लिटरच्या ड्रमने मोजल्या असत्या तर सव्वाअकरा ड्रम भरायला हवे होते. माझ्याकडे आठच भरले असते. पोती मोजू नका, ड्रमने मोजा. प्रत्येक पोत्यातून दहा रिंगा पाण्यात टाका. पीव्हीडीएफच्या (हे जड प्लास्टिक) किंवा सिरॅमिकच्या रिंगा बुडतातच, त्यांना ही परीक्षा लावू नका.

आता तक्रारीची कथा. पोलीस ठाण्यात गेलो तेव्हा टेबलावर ठेवलेली रिंग बोटांत फिरवत एक साहेब म्हणाले, "एवढ्याशा बांगड्याले सव्वा लाख देल्ले तुमी?" मागचे दोघे हसले. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवा म्हटले, तर "माल मिळाला ना, मग हा दिवाणी मामला" असे सांगून जिल्ह्याला सायबर विभागाकडे धाडले. तिथे सांगितले की माल घरी पोहोचला असल्यामुळे ही सायबर फसवणूक नाही, ठाण्यातच जा. बँकेने पोलिसांचे पत्र मागितले आणि पोलिसांनी बँकेचा खुलासा. चार खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला बिलाची नवी झेरॉक्स. अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवला. पोच आली, उत्तर आले नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन पैसे गेल्या दिवशीच करायचा असतो. मी सत्तर दिवसांनी केला, ही माझी चूक मान्य आहे. ग्राहक आयोगाचे विचारले तर वकिलांनी सांगितले की धंद्यासाठी घेतलेला माल त्या कायद्यात सहसा बसत नाही; स्वयंरोजगाराची सवलत आहे, पण अकरा कामगार असताना ती पटवणे अवघड. लहान उद्योगाची उद्यम नोंदणी आहे म्हणून सरकारच्या समाधान पोर्टलवर गेलो, तर तिथे फक्त थकलेली येणी वसूल होतात, म्हणजे लहान उद्योजकाने विकलेल्या मालाची. घेतलेल्या मालात बुडालेल्याला दार नाही. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून पाहिला, तो कापडाच्या दुकानाचा निघाला. पाहायला एक मिनिट लागले आणि ते मिनिट मी मे महिन्यात काढले नव्हते. त्यामुळे 19,282 रुपयांचे क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावटही गेली. परराज्यातून येणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची जीएसटीची ऑनलाइन पावती, लागते. ट्रकबरोबर ते नसेल तर माल उतरवून घेऊ नका.

नोटिशीला उत्तर देताना कार्यालयात मी सगळे पुरावे ठेवले, त्यावर "स्क्रबर कोणी विकला हा आमचा विषय नाही" एवढेच ऐकायला मिळाले. विषय खरेच त्यांचा नसेल. पण वाफ बाहेर का आली याचे कारण टेबलावर ठेवलेले असताना त्याकडे कोणी मान वळवून बघितले नाही, याचा राग अजून जात नाही. कामगारांना सतरा दिवस बसवून पगार दिला, जुन्या पुरवठादाराकडून 1,58,000 रुपयांना सामान घेतले. त्याच्या रिंगा टाक्यात ओतल्या तेव्हा पोराने हाक मारली नाही. मीच टाक्याशी उभा होतो.

"मुद्देमाल जपून ठेवा" असे ठाण्यातून सांगितले आहे, त्यामुळे चुऱ्याची सहा पोती शेडच्या कोपऱ्यात पडून आहेत. विक्रेत्याचा क्रमांक बंद असल्याने शोध लागत नाही, असे सप्टेंबरमध्ये मला तोंडी कळवले गेले. दिवाळीला त्याच क्रमांकावरून शुभेच्छा आल्या, खाली नवे दरपत्रक जोडलेले होते. 38 मिलिमीटरच्या पॉल रिंगांचा दर 15,900.