सहा स्टड, आठ स्टड की टेक्निक: स्वतःच्या डिझाइनची गाडी कोणत्या मापात बांधावी?

लेगो ब्रिकची गाडी पहिल्यांदा स्वतःच्या मनाने बांधायची ठरली की आपण आधी रंग ठरवतो आणि डबा उपसायला बसतो. मीही तशीच बसले होते. दोन संध्याकाळी घालवून लाल बॉनेट आणि छप्पर जमवलं. मग लक्षात आलं की चाकांच्या कमानीत शोभेल असा टायरच माझ्याकडे नाही. एक आत हरवल्यासारखा दिसायचा, दुसरा बॉनेटला घासायचा. ब्रिक हव्या तशा रचता येतात, टायर मात्र ठरावीक मापांतच येतात. म्हणून मोजमाप टायरपासून सुरू करायचं. टायरवरून प्रमाण ठरतं, प्रमाणावरून रुंदी, आणि रंगाचा विचार सगळ्यात शेवटी.

रुंदी मोजायची स्टडमध्ये, म्हणजे ब्रिकवरच्या गोल उंचवट्यांत. मुख्य पर्याय तीन. सहा स्टड रुंदीची छोटी गाडी, आठ स्टडची मधली, आणि टेक्निक या लेगोच्या यांत्रिक मालिकेतल्या बीम (भोकांच्या पट्ट्या) आणि गिअरमधली मोठी, जी साधारण १:१० ते १:८ पर्यंत जाते. लेगोच्या जुन्या शहरी संचांत चार स्टड रुंदीच्या गाड्या वर्षानुवर्षं होत्या आणि त्या आजही गोड दिसतात. पण ‘ही अमुक गाडी’ अशी ओळख पटावी, तर तेवढ्या जागेत ते अवघड जातं. त्यामुळे इथे त्यांचा विचार केलेला नाही.

एकच गाडी, तीन मापं

तुलना हवेत राहू नये म्हणून एकच गाडी धरू: १९५९ साली आलेली मूळ मिनी. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी लांबीला जेमतेम ३.०५ मीटर, रुंदीला १.४१ आणि उंचीला १.३५ मीटर आहे. इंजिन आडवं बसवलेलं, जोर पुढच्या चाकांना, रिम फक्त १० इंची. पुढे दोन गोल, मोठ्या डोळ्यांसारखे हेडलाइट. मला ही गाडी आवडते ती त्या चेहऱ्यासाठी. हे आधीच सांगते, कारण निवड करताना त्यालाच सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

आता ब्रिकची मापं. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिमी. प्लेट म्हणजे पातळ, चपटी ब्रिक, तिची जाडी ३.२ मिमी. तीन प्लेट एकावर एक ठेवल्या की एका ब्रिकची उंची, म्हणजे ९.६ मिमी. सहा स्टड रुंदी म्हणजे ४८ मिमी, आणि त्यात मिनी बसवली तर प्रमाण १:२९ च्या थोडं पुढे जातं. लांबी बरोबर तेरा स्टड येते. आठ स्टड म्हणजे ६४ मिमी, प्रमाण १:२२, लांबी सव्वासतरा स्टड, उंची एकोणीस प्लेट. टेक्निकमध्ये १:८ घेतलं तर रुंदी बावीस स्टड आणि लांबी जवळजवळ अठ्ठेचाळीस, म्हणजे ३८ सेंटिमीटर. ती गाडी शेल्फवर नव्हे, टेबलावरच ठेवावी लागते.

या आकड्यांपेक्षा मला जास्त उपयोगी पडला तो दुसराच हिशोब. आपल्या मापातली एक प्लेट खऱ्या गाडीवर किती जाड होते? सहा स्टडच्या मिनीत एक प्लेट म्हणजे खऱ्या गाडीचे ९४ मिमी. आठ स्टडमध्ये ७० मिमी. १:८ मध्ये फक्त २६ मिमी. गाडीवरची जी कड किंवा फुगवटा याहून बारीक असेल, तो सरळ रचनेत उमटत नाही. काही खास तुकड्यांनी अर्ध्या प्लेटपर्यंत उतरता येतं, त्याच्या खाली नाही. तुम्हाला गाडी ज्या गोष्टीसाठी आवडते, ती गोष्ट या चाळणीतून निसटते का, हे आधी तपासा.

मिनीचे हेडलाइट ७ इंची, म्हणजे १७८ मिमीचे. सहा स्टडच्या प्रमाणात ते ६ मिमी होतात. एक स्टडची गोल टाइल (वर स्टड नसलेला गुळगुळीत तुकडा) ८ मिमीची असते, ती लावली की गाडी डोळे फाडून बघतेय असं वाटतं. नुसता उघडा स्टड ४.८ मिमीचा, तो लावला की डोळे मिचमिचे. मधलं काही मिळत नाही. आठ स्टडच्या प्रमाणात हाच दिवा ८.१ मिमीचा होतो, आणि गोल टाइल अगदी नेमकी बसते. मी आठकडे वळले ती या एका दिव्यापायी.

सहा स्टड: झटपट आणि मोकळं

सहा स्टडची गाडी एका दुपारी उभी राहते. साधारण दीडशे-दोनशे तुकड्यांत काम होतं. मोडून पुन्हा बांधायला जीव कासावीस होत नाही, आणि डिझाइन शिकायला यासारखी शाळा नाही. एखादी पूर्ण रस्त्याची वसाहत उभारायची असेल तर हेच माप घ्या. आजची साधारण १.८ मीटर रुंदीची कार सहा स्टडमध्ये बांधली, तर त्याच प्रमाणात अडीच मीटरची बस आठ स्टडच्या जरा वर जाते. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तरी खटकत नाहीत. कार आठ स्टडची केली तर तीच बस अकरा स्टडची होईल, आणि मग रस्ता, फाटक, गॅरेज सगळंच वाढवावं लागेल.

खरी अडचण आत बसवायच्या माणसांची आहे. दोन्ही बाजूंच्या भिंतींना एकेक स्टड दिला की आत चार उरतात, आणि हात पसरलेल्या दोन मिनिफिगर (लेगोची छोटी माणसं) त्यात शेजारी-शेजारी बसत नाहीत. लेगोच्या स्पीड चॅम्पियन्स मालिकेत २०१५ पासून सहा स्टडच्या गाड्या होत्या. २०२० मध्ये ती मालिका आठ स्टडची झाली आणि दोघांना बाजूबाजूला बसायला जागा मिळाली. चालक आणि सोबती दोघंही हवेत असा तुमचा हट्ट असेल, तर निवड तिथेच झाली.

आठ स्टड: खरी मजा इथे

आठ स्टडमध्ये गाडीला चेहरा येतो. पण त्यासाठी स्टड वरच्या दिशेने ठेवून भागत नाही. पुढचा भाग, कधी दरवाजेही, आडवे वळवून लावावे लागतात. ब्रॅकेट (काटकोनात वळलेला पातळ तुकडा) किंवा बाजूला स्टड असलेली ब्रिक घ्यायची आणि तिच्यावर जाळी, दिवे, बंपर समोरून चिकटवायचे. इथे एक समीकरण पाठ हवं: पाच प्लेटची उंची म्हणजे बरोबर दोन स्टडची रुंदी, दोन्ही १६ मिमी. वळवलेला तुकडा न वळवलेल्या तुकड्यांत फट न ठेवता बसतो तो याच्याच जोरावर.

माझ्या मिनीचा पुढचा भाग तीन स्टड उंच झाला होता, म्हणजे २४ मिमी. त्याच्या मागची रचना आठ प्लेटची, म्हणजे २५.६ मिमी. वर १.६ मिमीची फट राहिली. नख जाईल एवढीच, पण प्रकाशात काळी रेघ दिसायची. मी मागची एक प्लेट काढली, तर पुढचा भाग तेवढाच वर आला आणि बॉनेटची टाइल बसेना. दाबून बसवली. रात्रभरात तिचं एक टोक उचललं गेलं, कारण ताणावर बसवलेला तुकडा फार वेळ बसून राहत नाही. उपाय शेवटी ब्रॅकेटमध्येच निघाला. ब्रॅकेटचा पत्रा अर्ध्या प्लेटइतका, म्हणजे नेमका १.६ मिमी जाड असतो. दिवे धरणारं ब्रॅकेट आतल्या बाजूला होतं, ते उलटं करून वर घेतलं. त्याच्या पत्र्याने फट भरली आणि बॉनेटची कडही आपोआप उमटली. हे असं काही जमून येतं तेव्हा जो आनंद होतो, त्यासाठी मी हा छंद करते.

जम्पर प्लेटही जवळ असू द्या. दोन स्टडच्या प्लेटवर मधोमध एकच स्टड असतो, त्यामुळे वरची रचना अर्धा स्टड, म्हणजे ४ मिमी सरकते. मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर आठ स्टडच्या प्रमाणात साडेअकरा स्टड येतं. जम्पर नसती तर ते अकरा किंवा बारा करावं लागलं असतं, आणि एवढ्या आखूड गाडीत अर्ध्या स्टडनेही ठेवण बिघडते. टायरच्या बाबतीत मात्र तडजोड करावी लागली. हवा होता साधारण २२.५ मिमीचा, मिळतात २१ आणि २४ चे. मी २४ घेतला. चाकं किंचित भरदार दिसतात, पण कमान रिकामी दिसण्यापेक्षा ते बरं.

तुकडे तीनशेच्या आसपास लागतात, आणि हवा तो तुकडा हव्या त्या रंगात मिळेलच असं नाही. छोटी ब्रॅकेट, वक्र स्लोप, कमानी काळ्या, पांढऱ्या, लाल रंगांत सहज मिळतात. एखादा आवडता फिका निळा धरून बसलात तर अर्धं डिझाइन त्या रंगात अस्तित्वातच नसलेल्या तुकड्यांवर अडतं.

टेक्निक: गाडी आतून समजून घ्यायची असेल तर

टेक्निकची सुरुवात १९७७ ची. इथे भिंती रचायच्या नसतात, सांगाडा जोडायचा असतो. बीम, पिन, अ‍ॅक्सल, त्याला जागेवर धरणारे बुश, गिअर. दिसण्याच्या बाबतीत ही गाडी मागे पडते, कारण पॅनेलांच्या फटींतून हात जाईल एवढी मोकळी जागा राहते. पण स्टिअरिंग फिरवल्यावर चाकं वळतात, गाडी ढकलली की इंजिनातले पिस्टन वर-खाली होतात, वळणावर डिफरन्शिअल दोन चाकांना वेगवेगळा वेग देतं. गाडी कशी चालते याचं कुतूहल असलेल्या माणसाला याची सर दुसऱ्या कशालाच नाही.

दोन हिशोब सुरुवातीलाच लिहून ठेवा. साध्या सरळ गिअरमध्ये दोघांच्या दातांची बेरीज ३२ असेल तर अ‍ॅक्सलमधलं अंतर दोन स्टड, ४८ असेल तर तीन. म्हणजे ८ आणि २४, किंवा १६ आणि १६, दोन स्टडवर बसतात. ८ आणि ४० किंवा २४ आणि २४ तीनवर. दुसरा हिशोब सांगाडा न डुलण्याचा. चौकोन दाबला की तिरका होतो, म्हणून कोपऱ्यात काटकोन त्रिकोण द्यायचा. ६-८-१० चा त्रिकोण ७, ९ आणि ११ भोकांच्या बीमनी होतो, कारण अंतर मोजताना भोकांपेक्षा एक कमी धरायचं असतं. हे तिन्ही बीम सहज मिळणारे.

बहुतेक बीमची भोकं विषम असल्याने गाडीची रुंदीही विषम ठेवावी, म्हणजे मधोमध एक भोक येतं. मिनीची बावीस स्टड रुंदी म्हणूनच एकवीस किंवा तेवीस करावी लागेल. टायरचं मात्र भाग्य: खऱ्या मिनीचा टायर साधारण अर्धा मीटर, १:८ मध्ये ६२.५ मिमी, आणि ६२.४ मिमीचा टायर तयार मिळतो.

तरीही मिनी ही टेक्निकची पहिली गाडी म्हणून घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. ज्या चाकांना वळायचं, त्यांनाच ओढायचंही आहे. स्टिअरिंग, सस्पेन्शन, वळलेल्या चाकापर्यंत जोर नेणारे युनिव्हर्सल जॉइंट आणि आडवं इंजिन, हे सगळं त्या आखूड नाकात कोंबावं लागतं. पहिल्यांदा मागच्या चाकांना जोर देणारी लांब नाकाची गाडी घ्या. पुढे स्टिअरिंग, मागे डिफरन्शिअल, मध्ये मोकळा दांडा. मोटर लावणार असाल तर बुश बीमला आवळून लावू नका, केसभर जागा सोडा. नाहीतर निम्मा जोर घर्षणातच जातो.

तुकड्यांचा अंदाज हवा असेल तर लेगोच्या १:८ च्या गाड्या बघा: २०१६ ची पोर्शे ९११ जीटी३ आरएस २,७०४ तुकड्यांची, २०१८ ची बुगाटी शिरोन ३,५९९ ची. स्वतः डिझाइन करताना याहून बरेच तुकडे हाताशी लागतात, कारण चुकीचा मार्ग मोडेपर्यंत ते त्यात अडकून पडतात.

आधी स्क्रीनवर की आधी हातात?

१९९५ मध्ये जेम्स जेसिमन यांनी एलड्रॉ हे सॉफ्टवेअर तयार केलं, तेव्हापासून ब्रिक संगणकावर जोडता येतात. आज बहुतेक जण ब्रिकलिंकचं स्टुडिओ वापरतात. दोन तुकडे एकमेकांत घुसले तर ते दाखवतं, कोणता तुकडा कोणत्या रंगात मिळतो ते सांगतं, शेवटी बांधणीच्या पायऱ्याही काढून देतं. पण गाडी उचलल्यावर छप्पर हातात येईल का, गिअर अडखळेल का, हे त्याला कळत नाही.

सहा स्टडला मी संगणक उघडतच नाही. हातात तुकडे फिरवूनच लवकर सुचतं. आठ स्टडला आधी स्क्रीन, निदान चेहरा आणि कमानींपुरती. त्यातल्या रंगांच्या यादीने माझा किती तरी वेळ वाचला आहे. टेक्निकमध्ये सांगाडा आणि गिअर आधी हातात चालवून बघायचे, आणि ते चालले की मगच त्यांची नोंद स्क्रीनवर करायची.

तर कोणतं माप?

चेहऱ्यावर प्रेम असेल तर आठ. अख्खा रस्ता, किंवा एका महिन्यात पाच-सहा गाड्या बांधायच्या असतील तर सहा. बॉनेटखाली काय आहे हा प्रश्न आधी पडत असेल तर टेक्निक, पण हाताशी पुरेसे बीम आणि गिअर जमल्यावरच.

अजून ठरत नसेल तर असं करा. तुमच्याकडच्या टायरचा व्यास मोजा. बऱ्याच टायरच्या कडेवर तो मिलिमीटरमध्ये कोरलेलाही असतो. खऱ्या गाडीच्या टायरचा व्यास त्याने भागा, प्रमाण मिळालं. आता खऱ्या गाडीची रुंदी मिलिमीटरमध्ये घेऊन त्या प्रमाणाने भागा, आणि आलेल्या आकड्याला पुन्हा आठने. उत्तर सहा किंवा आठच्या आसपास, अर्ध्या स्टडच्या आत आलं, तर बांधायला घ्या. अगदी सात आलं तर सात स्टड रुंदीच घ्या. मधली रेघ एका स्टडवर येईल, बॉनेटवरचं चिन्ह बरोबर मधोमध बसेल, फक्त जम्पर प्लेट नेहमीपेक्षा दुप्पट काढून ठेवा.