सिल्क थ्रेड की खण? घरच्या घरी दागिने करायचेत तर आधी काय हातात घ्यावं

घरात ओटीत आलेले ब्लाउजपीस साठलेत, मापात न बसणाऱ्या बांगड्यांचा एक डबा आहे, काहीतरी करून बघायचंय, फक्त सिल्क थ्रेड आणावा की खणाच्या तुकड्यांनी सुरुवात करावी हे ठरत नाहीये, असं असेल तर हे वाचा. मी दोन्ही केलंय आणि अजूनही दोन्ही करते. क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून केलेले दागिने) आणि टेराकोटा (भाजलेल्या मातीचे दागिने) यात धरलं नाहीये, कारण क्विलिंगचा कागद व्हार्निश मारूनही पावसाळ्यात मऊ पडतो असा माझा अनुभव आहे, आणि टेराकोटाला भाजायची नीट सोय लागते, ती सगळ्यांकडे नसते.

आधी सिल्क थ्रेडच्या बाजूने बोलते, कारण तो खरंच सुंदर दिसतो. जुन्या प्लॅस्टिकच्या किंवा मेटलच्या बांगडीवर वीस-पंचवीस पदर एकत्र घेऊन गुंडाळत गेलं की जी सपाट, पाण्यासारखी चमक येते ती कापडाला येत नाही. आणि रंग! साडी पिशवीत घालून पुण्यात रविवार पेठेत नाहीतर मुंबईत भुलेश्वरला गेलं की अगदी त्याच रंगाचं रीळ मिळतं, मोरपंखी आणि राणी कलरमध्ये सुद्धा तीन-चार छटा असतात. शिवाय वेग, एकदा हात बसला की जेवणं आटपल्यावर बसून झोपायच्या आत बांगडी तयार होते. घरी लग्न असेल आणि सगळ्या मुलींना मॅचिंग हवं असेल तर याला तोड नाही.

खर्चाचं म्हणाल तर रीळ स्वस्तच असतं, पण प्रत्येक साडीला नवा रंग लागतो आणि उरलेली रिळं साठत जातात. खणाला तो खर्च जवळजवळ नाहीच, कारण ब्लाउज शिवून उरलेल्या तुकड्यात सुद्धा कानातल्यांचे दोन जोड सहज निघतात, आणि ओळखीच्या शिंपीकाकांना सांगून ठेवलं तर ते चिंध्या बाजूला काढून ठेवतात.

आता ज्या गोष्टीमुळे माझं मन बदललं ती सांगते. धागा अडकतो. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं पण करायला बसलं की कळतं. बाजारात मिळणारा हा धागा बहुतेक वेळा रेयॉनचा असतो, अतिशय तलम, आणि आपले हात भांडी घासून, भाजी चिरून, कपडे धुवून खरखरीत झालेले असतात, बोटाच्या टोकाला जरा कातडी निघालेली असली की पंचवीस पदरांतला एखादा पदर तिथे अडकतो, ओढला जातो आणि सैल पडतो. मग तो एक पदर बाकीच्यांच्या वर येऊन उभा राहतो, आणि ज्या सपाट चमकेसाठी सगळं केलं तीच जाते. हाताला तेल किंवा व्हॅसलीन लावावं तर धाग्यावर डाग पडतो आणि ग्लू धरत नाही. कोरड्या हाताला पावडर लावून बसणं त्यातल्या त्यात बरं, पण थंडीत तेवढ्याने भागत नाही.

आणि हे बांगडी झाल्यावर संपत नाही. घातल्यावर तीच बांगडी साडीच्या जरीत अडकते, पदराच्या पिनेत अडकते, शेजारच्या खड्याच्या बांगडीच्या कुंदनला घासते, पर्सच्या चेनमध्ये अडकते. एक पदर तुटला की दोन्ही टोकं सुटून मोकळी होतात, ती कापली तर फट दिसते, चिकटवली तर ग्लूचा कडक ठिपका दिसतो. दुरुस्ती करायची म्हणजे सगळं उसवून पुन्हा गुंडाळायचं. शिवाय रेयॉन ओला झाला की त्याचा जोर बराच कमी होतो, म्हणजे हात धुताना बांगडी काढा, स्वयंपाकघरात जाताना काढा. समारंभात ज्या बाईला बसायला मिळतं तिला हे चालेल. जिला वाढायचंय, मुलं सांभाळायचीत, तिच्या हातात ती बांगडी संध्याकाळपर्यंत नीट राहील असं मला तरी वाटत नाही. ज्यांचे हात मऊ आहेत, ज्या फार निगुतीने वापरतात, त्यांचा अनुभव वेगळा असू शकतो, नाही म्हणत नाही.

खणाच्या अडचणी आहेत, त्या लपवणार नाही. कापला की कडेचे धागे सुटायला लागतात, आणि तुकडा छोटा असल्याने दोन-चार धागे गेले तरी माप चुकतं. पण याला उपाय आहे. कापण्याआधी मागच्या बाजूने, जिथून कापायचं त्या रेषेवर, पाणी घातलेलं फेविकॉल ब्रशने अगदी पातळ लावायचं आणि वाळू द्यायचं, मग कापलं की कड जागेवर राहते. गडद लाल किंवा मरून खण असेल तर आधी पांढरं ओलं फडकं घासून रंग जातोय का ते बघा.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, त्यात पुढच्या बाजूला ग्लू लागतच नाही. जुन्या कोटाचं मोठं सपाट बटण घ्या, बाटलीचं झाकण घ्या, नाहीतर श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणातून गोल कापून घ्या. खण त्याच्यापेक्षा बोटभर मोठा कापायचा, कडेने धावदोरा घालायचा, मध्ये बटण ठेवून दोरा ओढायचा आणि मागे गाठ मारायची. कापड ताणून बसतं, सुटणारे धागे सगळे आत जातात, मागे फेल्टचा किंवा जुन्या रेक्झिनचा गोल लावून वर स्टडचा बेस बसवायचा. असं कानातलं जरीवर घासलं तरी काही होत नाही. मळलं किंवा कंटाळा आला तर कापड काढून दुसरं चढवायचं, बटण तेच. सिल्क थ्रेडमध्ये बांगडी परत वापरता येते पण सगळी मेहनत नव्याने करावी लागते.

नक्षीचा मुद्दाही माझ्यासाठी मोठा आहे. खण हे चोळीचं कापड, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणलं जातं, आणि त्याची बुट्टी बारीक, जवळजवळ असते. त्यामुळे रुपयाएवढ्या गोलातही नक्षी पुरी बसते. पैठणीच्या काठाचा मोर तेवढ्या जागेत अर्धा तुटतो. (आणि आजीची खऱ्या जरीची पैठणी असेल तर कृपा करून ती दागिन्यांसाठी कापू नका, ती दुरुस्त होऊ शकते.) बऱ्याच खणांत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, त्यामुळे उजेडाप्रमाणे रंग बदलल्यासारखा वाटतो आणि एकच कानातलं दोन-तीन साड्यांवर चालून जातं. हुबेहूब मॅचिंग मिळत नाही हे खरं, पण मला आताशा ते हवंसंही वाटत नाही. खणाचा काठ उरला असेल तर त्याला मागून अस्तर लावून दोन्ही टोकांना गोंड्याची दोरी शिवली की चोकर होतो, वेगळं डिझाइन काढावंच लागत नाही, आणि मध्ये एखादं तुटलेल्या हारातलं पेंडंट टाकलं की झालं.

बांगड्यांच्या बाबतीत मात्र खण मागे पडतो. गोल कडेवर कापड तिरपं कापून गुंडाळावं लागतं, चुण्या येतात, आणि बारीक बांगडीवर तर ते जाड आणि बोजड दिसतं. रुंद कड्यावर बरं होतं. कापड असो की धागा, गुंडाळल्यावर आतलं माप थोडं कमी होतं, म्हणून दोन-चार मापाची बांगडी घालत असाल तर दोन-सहा मापाची घ्या.

ग्लूबद्दल एक गोष्ट दोन्हींना लागू आहे. मिनिटात चिकटणारा इन्स्टंट ग्लू कापडावर किंवा धाग्यावर ओतू नका. सुती कापडात किंवा कापसात तो मुरला की पटकन तापतो, बोटाला चांगलाच चटका बसू शकतो, आणि खड्याभोवती पांढरट वाफ धरल्यासारखं दिसतं ते वेगळंच. मेटलचा बेस लावायला बी-७००० सारखा दागिन्यांचा ग्लू घ्या आणि पूर्ण २४ तास हात लावू नका.

तर नाचाच्या कार्यक्रमासाठी किंवा एखाद्या लग्नापुरत्या बारीक मॅचिंग बांगड्या हव्या असतील तर सिल्क थ्रेड बिनधास्त घ्या. कानातली, पेंडंट, चोकर आणि रोज ऑफिसला घालायचं काही असेल तर मी खणच सुचवेन. सुरुवातीला काही विकत आणू नका, एक ब्लाउजपीस आणि दोन सारखी बटणं शोधा, आणायचेच असतील तर फक्त हुक चांगले आणा, स्टेनलेस स्टीलचे, कारण हलक्या हुकात निकेल असलं तर बऱ्याच जणींचे कान खाजतात आणि मग कितीही सुरेख केलेलं कानातलं डब्यातच राहतं.