प्रीकास्ट प्लँकवर काय करायचं: स्ट्रक्चरल टॉपिंग, कोबा की फक्त भरलेले सांधे?

हॉलोकोअर प्लँक (कारखान्यात ओतलेल्या, आतून लांब पोकळ्या असलेल्या काँक्रीटच्या फळ्या) बसवून झाले की मजला तीन प्रकारे पुरा करता येतो. फक्त सांधे ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मसाल्याने, भरायचे. वर सपाटीपुरता कोबा करायचा. किंवा जाळी टाकून ५० ते ७५ मिमीचं स्ट्रक्चरल टॉपिंग, म्हणजे बळ वाहण्यात सामील होणारा काँक्रीटचा थर, ओतायचं. कोबा आणि टॉपिंग वरून पाहिलं तर सारखेच दिसतात, म्हणूनच जागेवर एकाच्या जागी दुसरं सहज खपून जातं. कोबा लेव्हल देतो, ताकद देत नाही. हिशोबात टॉपिंग धरलेलं असेल तर कोब्याने ते काम भागत नाही, मग तो कितीही जाड केला तरी.

निवड करताना पहिला प्रश्न आडव्या बळांचा. भूकंपात मजल्याने अखंड पाट्यासारखं वागून बळ शिअर वॉलपर्यंत (आडवी बळं घेणाऱ्या भिंतीपर्यंत) पोचवायचं असतं. ग्राउटचा सांधा थोडं कातरबळ घेतो, पण ताण घेत नाही. १९८८ च्या आर्मेनियातल्या भूकंपात टॉपिंग आणि पुरेशी बांधणी नसलेले प्लँक सुटून खाली आले. मात्र टॉपिंग केलं की काळजी मिटली असंही नाही. १९९४ च्या कॅलिफोर्नियातल्या नॉर्थरिज भूकंपात टॉपिंगमधल्या जाळीच्या तारा प्लँकच्या सांध्यांवर तुटलेल्या आढळल्या. तडा नेमका सांध्यावर एकवटतो आणि सगळी ओढ दोन आडव्या तारांमधल्या छोट्या तुकड्यावर येते. म्हणून एसीआय ३१८ या अमेरिकन काँक्रीट संहितेत भूकंपाचं बळ वाहणाऱ्या टॉपिंगसाठी सांध्याला समांतर तारांमध्ये किमान २५० मिमी अंतर मागितलं आहे. सर्रास मिळणारी २०० मिमी चौकोनांची जाळी या अटीत बसत नाही. जाडीही तिथेच ठरते: प्लँकशी एकजीव टॉपिंगला किमान ५० मिमी, प्लँकवर विसंबून नसलेल्या टॉपिंगला ६५ मिमी.

दुसरा प्रश्न उभ्या भाराचा. २०० मिमी प्लँकवर ५० मिमी एकजीव टॉपिंग आलं की कडकपणा दीडपटीहून जास्त वाढतो. मजला कमी लवतो, चालताना कमी थरथरतो. पण त्यासाठी दर चौरस मीटरला १२५ किलो वजन कायमचं चढतं. ८ मीटर गाळ्यात (दोन टेकांमधल्या अंतरात) या एका थरामुळे मीटर रुंदीला सुमारे १० किलोन्यूटन-मीटर मोमेंट (वाकवणारा जोर) येतो, आणि टॉपिंग ओलं असताना तो एकट्या प्लँकलाच पेलावा लागतो. गाळा लांब असेल तर मध्यावर टेकू द्या आणि टॉपिंगला ताकद येईपर्यंत काढू नका. काँक्रीटचा ढीग मध्यावर ओतू देऊ नका.

कँबरचा, म्हणजे प्लँकला मध्यावर असलेल्या वरच्या बाकाचा, हिशोब बहुतेक जण विसरतात. प्लँक मध्यावर २४ मिमी वर असेल आणि तिथे ५० मिमी ठेवायचे असतील, तर वरचा भाग सपाट राहताना टोकांना ७४ मिमी आणि सरासरी ५८ मिमी जाडी होते. १०० चौरस मीटरला ५ घनमीटर नव्हे, ५.८ घनमीटर काँक्रीट लागेल. वजनही चौरस मीटरला १४५ किलोच्या घरात जाईल. उलट टोकांना ५० मोजून लेव्हल ओढली तर मध्यावर उरतात २६ मिमी. जाळीवर तिथे पुरेसं काँक्रीटचं आवरण (कव्हर) मिळत नाही, आणि दाब घेणारं काँक्रीट सगळ्यात जास्त हवं असतं तेही तिथेच.

एकजीवपणा पृष्ठभागावर ठरतो. प्लँक कारखान्यातच खडबडीत करून घ्यावा. पूर्ण खडबडीतपणा म्हणजे सुमारे ६ मिमी खोलीचे ओरखडे. जागेवर धूळ, सिमेंटची साय, तेल सगळं निघालं पाहिजे. सांधे आधी भरून घ्या, मग प्लँक पाण्याने मुरवा, पण ओतताना वर पाणी साचलेलं नको. कोरडा प्लँक टॉपिंगचं पाणी शोषतो आणि थर सुटतो. हातोडीने ठोकलं की बद्द आवाज येतो. बाँडिंग केमिकल लावून ते वाळू दिलं तर ते चिकटवण्याऐवजी थर वेगळे करतं, त्यामुळे मला साधं, नीट मुरवलेलं पृष्ठच जास्त भरवशाचं वाटतं. खडी १० ते १२ मिमीची, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आसपास, क्युरिंग किमान ७ दिवस. प्लँकचं आकुंचन बरंचसं आधीच झालेलं असतं, टॉपिंगचं आता होतं, त्यामुळे टेकांवर तडे येतात. तिथे वरच्या बाजूला जादा सळ्या द्या. जाळीचे चार कोपरे एकाच जागी एकमेकांवर आले तर ५० मिमीत मावत नाहीत, म्हणून जोड आलटूनपालटून घ्या. कंड्युट (वायरिंगच्या नळ्या) या थरात घालू नका.

टॉपिंगशिवायचा मजला हलका आणि झटपट होतो. भार साधारण असेल, आडव्या बळांसाठी कडेने व सांध्यांत सळ्या देऊन वेगळी सोय हिशोबात केलेली असेल, तर तो अगदी योग्य आहे. पण शेजारच्या प्लँकच्या कँबरमध्ये काही मिलिमीटर फरक असतोच. ग्राउट भरण्याआधी ते जुळवून घ्या, नाहीतर व्हिनाइलखाली सांध्याची रेघ उमटेल. कडक चाकांच्या गाड्या किंवा फोर्कलिफ्ट फिरणार असतील तर हा पर्याय सोडून द्या, सांध्यांच्या कडा फुटतात.

कोबा निवडावा तो सपाटीसाठी किंवा आवाजासाठी. एकजीव टॉपिंगच्या वजनाने हवेतला आवाज दोन-तीन डेसिबल कमी होतो, पावलांचा धपधप आवाज मात्र फारसा नाही. त्यासाठी मऊ थरावर तरंगता, सुमारे ६५ मिमीचा कोबा हवा, भिंतीपासून सगळीकडे फटीने सुटा ठेवलेला. एका जागी जरी भिंतीला चिकटला तरी आवाज तिथून उतरतो.

तिन्ही प्रकारांत, वरचा थर घालण्याआधी प्लँकच्या पोकळ्यांत साचलेलं पावसाचं पाणी टोकांजवळच्या खालच्या भोकांतून काढून टाका. ती भोकं कारखान्यातूनच पाडलेली मागवा, कारण नंतर ड्रिल करताना बिट प्रीस्ट्रेसच्या (प्लँकमध्ये आधीच ताणून ठेवलेल्या) तारेवर जायला वेळ लागत नाही.