टॅब्युलेटर: टिक केलेल्या पावत्यांची पट्टी

सावद्याला एका केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात संगणकाचं काम मी बघते. एकाच शेतकऱ्याचा माल वेगवेगळ्या दिवशी काट्यावर येतो आणि भाव रोज हलतो, त्यामुळे पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाचा कागद, करणाऱ्या नानांना काट्याच्या नेमक्या पावत्या लागतात. तक्ता ब्राउझरमध्ये, हव्या त्या ओळींवर टिक, आणि तेवढ्याच ओळी पट्टीवर. त्यासाठी टॅब्युलेटर ही जावास्क्रिप्ट लायब्ररी घेतली. एमआयटी परवाना, म्हणजे फुकट. जेक्वेरी ही दुसरी लायब्ररीही सोबत लागत नाही.

टिकचा रकाना 'रो-सिलेक्शन' फॉर्मॅटर लावला की तयार. निवडलेलं परत मिळवायला गेट-सिलेक्टेड-डेटा: साधा ॲरे मिळतो, दर ओळीचा एक ऑब्जेक्ट, जेसन करून थेट सर्व्हरला पाठवा. डेटाटेबल्स या तशाच दुसऱ्या लायब्ररीत त्यासाठी सिलेक्ट एक्स्टेन्शन वेगळं जोडावं लागतं आणि हाती येतो तो त्यांचा एपीआय ऑब्जेक्ट. साधा ॲरे हवा तर टू-ॲरे लावा. फार मोठी गोष्ट नाही, पण मला टॅब्युलेटरचं सरळ वाटलं.

खरी मेख फिल्टरमध्ये आहे. एका शेतकऱ्याचं नाव टाकून दोन पावत्या टिक केल्या आणि मग दुसऱ्याचं नाव टाकलं, तर पहिल्या दोन नजरेआड होतात, पण निवडलेल्याच राहतात आणि गेट-सिलेक्टेड-डेटा त्याही देतं. लायब्ररीची मूळ सेटिंगच तशी आहे. एकाचं वजन दुसऱ्याच्या पट्टीत गेलं तर बाजाराच्या दिवशी तोंड लपवत फिरावं लागेल! सिलेक्टेबल-रोज-पर्सिस्टन्स फॉल्स केलं की फिल्टर बदलताच टिका जातात; पण मग क्रम लावला किंवा पान उलटलं तरी जातात. नाना दोन-दोन पानांवरून पावत्या वेचतात, त्यांना ते कसं चालेल?

म्हणून सेटिंग तशीच ठेवली आणि रो-सिलेक्शन-चेंज्ड या इव्हेंटवर तक्त्याच्या वर निवडलेल्या पावत्या, एकूण क्विंटल आणि शेतकऱ्याचं नाव दाखवलं. नावं दोन झाली की पट्टीचं बटण बंद. "ताई, हे बरं केलं, आता चष्मा नसला तरी चालंल," इति नाना. शीर्षकातल्या 'सगळे निवडा' चौकटीला रो-रेंज 'ॲक्टिव्ह' द्यायला विसरू नका, तरच ती फिल्टरमधल्या ओळींपुरती चालते.

पट्टी झालेल्या पावतीवर पुन्हा टिक होऊ नये म्हणून सिलेक्टेबल-रोज-चेक आहे, उत्तम. एक गोष्ट मात्र अजिबात पटत नाही: निवडीला कमाल आकडा दिला, तर मर्यादेपलीकडची टिक करताच सगळ्यात आधीची मुकाट्याने सुटते. हिशेबाच्या कामात रोलिंग-सिलेक्शन बंदच ठेवा.

फक्त निवडलेल्या ओळींची सीएसव्हीही निघते. तिला बीओएम (फाइल युनिकोडमध्ये आहे हे सांगणारी सुरुवातीची खूण) ट्रू द्या, नाहीतर एक्सेलमध्ये मराठी नावांचा चिवडा होतो.

पानं सर्व्हरवरून एकेक मागवणार असाल, तर पान बदलताच आधीच्या पानावरची निवड जाते. पावती क्रमांक स्वतः साठवावे लागतात. आम्ही हंगामाच्या सगळ्या पावत्या एकदमच आणतो. जेवढ्या ओळी दिसतात जवळपास तेवढ्याच टॅब्युलेटर आखतो, त्यामुळे ऑफिसातल्या जुन्या पीसीवरही तक्ता अडत नाही.