एसटीची मालवाहतूक हापूससाठी: चांगली, पण भरणी नीट हवी

2020 च्या मोसमात हापूस झाडावर तयार आणि रस्त्यावर कोरोनाची टाळेबंदी, अशी कोंडी झाली. मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजारही आठवडाभर बंद राहिला. त्याच महिन्यात एसटीने मालवाहतूक सुरू केली आणि रत्नागिरीच्या पेट्या बोरिवलीला गेल्या. माल फिरावा, माणसं फिरू नयेत, हे साथीतलं अवघड गणित या सेवेने बऱ्यापैकी सोडवलं. अशा साथीत संसर्गाचा धोका वाटेत फारसा नाही, तो चढवण्या-उतरवण्याच्या दोन टोकांना. म्हणून एका वेळी एकाच बागेचा माल, ठरलेले दोन-तीन हमाल, मास्क, आणि चालकाने केबिनमध्येच थांबायचं. मुंबईत सोसायटीने मागणी आधी गोळा करावी, पैसे ऑनलाइन द्यावेत, पेटीवर नाव-मजला लिहून घ्यावा आणि गेटवर एकेका विंगला वेगळी वेळ द्यावी.

तेव्हा भाडं पूर्ण गाडीचं, किलोमीटरवर होतं. पन्नास पेट्यांच्या बागायतदाराला एकट्याने ते झेपत नाही. वाडीतल्या चार-पाच जणांनी मिळूनच गाडी ठरवावी.

खरी अडचण उष्म्याची. मालासाठी बदललेल्या जुन्या प्रवासी गाडीची बंद बॉडी, त्यात हवा कमी खेळते. काढलेला आंबा श्वास घेत राहतो, ऊब सोडतो. ती कोंडली की मधल्या पेट्या आधी पिकतात आणि मुंबईत पोचेपर्यंत नरम पडतात. यावर उपाय भरणीतच आहे. काढणी सकाळी करावी, देठ बोटाच्या पेराएवढा राखावा, नाहीतर चीक सालीवर उतरून डाग पडतात. फळ दिवसभर सावलीत निववावं आणि गाडी संध्याकाळी भरून रात्रीच सोडावी. लाकडी पेट्या खाली, पुठ्ठ्याचे खोके वर, बाजूच्या पत्र्यापासून वीतभर जागा मोकळी. थर दोरीने आवळलेच पाहिजेत, घाटाच्या वळणांवर सुटे थर हमखास सरकतात.

संसर्गाच्या भीतीपोटी पेट्यांवर जंतुनाशक फवारू नका. पेंढा ओला होतो, देठाकडून कूज लागते आणि तयार पेटी फुकट जाते. पेटी उघडल्यावर हात साबणाने वीस सेकंद धुवा, आंबे कोरडेच अढीत ठेवा. फळ धुवायचं ते खाण्याआधी, साध्या पाण्याने. साबण किंवा सॅनिटायझर सालीला लावू नका.