एकट्याचे विचारमंथन आणि तीन इंची चिकट चिठ्ठ्या

दिवाळीचा फराळ परदेशी पाठवण्याचा आमचा घरगुती व्यवसाय आहे, आणि मागच्या दिवाळीत ग्राहकांनी पाठवलेल्या फोटोंत चकल्यांचा निव्वळ चुरा दिसत होता. उपाय शोधण्यासाठी घरातले आम्ही चौघे तीनदा बसलो. तिन्ही वेळा पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी ‘बबल रॅप वाढवू’ म्हणाले आणि उरलेला वेळ बबल रॅपच्या दरावर वाद घालण्यात गेला. शेवटी मी अप्पा बळवंत चौकातून चिकट चिठ्ठ्यांचे, म्हणजे स्टिकी नोट्सचे, पाच पॅड आणले आणि एकटाच विचार करायला बसलो. त्या चिठ्ठ्या या कामाला कितपत उपयोगी पडल्या, एवढ्यापुरताच हा अभिप्राय आहे.

पॅड ७६ मिलिमीटर चौरस, पिवळा, शंभर पानांचा. हा आकारच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे, कारण स्केचपेनने लिहायला घेतले की एका चिठ्ठीवर जेमतेम सहा-सात शब्द मावतात आणि कल्पनेचे समर्थन लिहायला जागाच उरत नाही. वहीत मी हेच करून पाहिले होते, पण तिथे पहिली ओळ डोळ्यांसमोर राहते आणि पुढच्या सगळ्या ओळी तिच्याच मागे जातात. चिठ्ठी मात्र लिहिली, काढली, कपाटाच्या दाराला लावली, की समोर पुन्हा कोरे पान येते.

स्वयंपाकघरातल्या टायमरवर वीस मिनिटे लावली. पहिल्या दहा-बारा चिठ्ठ्या शिळ्याच होत्या: जाड पुठ्ठा, ‘नाजूक माल’ असे लेबल आणि अर्थातच बबल रॅप. नवव्या मिनिटाच्या सुमारास काहीच सुचेना. बैठकीत नेमक्या याच क्षणी कोणीतरी चहा मागवतो. इथे उठायचे नाही असे ठरवले होते, म्हणून बसून राहिलो, आणि मग विचित्र चिठ्ठ्या येऊ लागल्या: ‘कासाराकडे बांगड्या कशा असतात?’, ‘चिवड्याचीच गादी’, ‘चकलीऐवजी कडबोळी’. टायमर वाजला तेव्हा दारावर त्रेचाळीस चिठ्ठ्या होत्या.

चौघांना जे जमले नाही ते एकट्याला जमावे, याचे मला आश्चर्य वाटले होते, पण संशोधकांना ते वाटणार नाही. ब्रेनस्टॉर्मिंगची पद्धत रूढ करणारे अमेरिकी जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न यांचा भर गटावर होता. मात्र १९५८ मध्ये येल विद्यापीठातील प्रयोगात, स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्यावर त्या एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा अधिक भरल्या. डील आणि श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये त्याचे एक साधे कारण दाखवून दिले: गटात एका वेळी एकालाच बोलता येते, आणि आपली पाळी येईपर्यंत इतरांना सुचलेले विरून जाते. आमच्या घरी तर पाळी यायचीच नाही.

चिठ्ठ्यांचा दुसरा गुण निवड करताना कळतो. ‘बांगड्या’ आणि ‘चिवड्याची गादी’ या दोन चिठ्ठ्या दाराच्या दोन टोकांना होत्या. सहज हलवताना शेजारी आल्या आणि उत्तर तयार झाले. चकल्या एकावर एक रचून पुठ्ठ्याच्या नळकांड्यात भरायच्या आणि नळकांड्याभोवती चिवड्याच्या पिशव्या दाबून बसवायच्या. चिवडा पार्सलमध्ये जाणारच असल्याने गादीचे वेगळे वजन पडत नाही. खोका टेबलावरून तीनदा पाडून पाहिला, तेव्हा वीसपैकी दोनच चकल्या मोडल्या. जुन्या पद्धतीने अकरा मोडल्या होत्या. ही उचल-ठेव शक्य होते ती कच्च्या गोंदामुळे, आणि तो गोंद मुळात अपयशातून आला आहे. थ्रीएम कंपनीच्या स्पेन्सर सिल्व्हर यांना १९६८ मध्ये भक्कम गोंद हवा होता, पण हाती आला तो सहज सुटणारा. पुढे १९७४ मध्ये त्यांचे सहकारी आर्ट फ्राय यांना प्रार्थनेच्या पुस्तकातून खुणेचे कागद गळून पडत असल्यामुळे त्या गोंदाचा उपयोग सुचला.

मी आणलेले पॅड थ्रीएमचे नव्हेत, एका स्वस्त कंपनीचे आहेत, आणि त्यांत दोष आहेत. सनमायक्यावर चिठ्ठी आठवडाभर टिकते, पण डिस्टेंपरच्या भिंतीवर पंखा लावताच गळते. तीन-चार वेळा हलवल्यावर गोंदाला धूळ लागून ती निकामी होते. जेल पेनची शाई फिसकटते. चिठ्ठी खालून वर ओढली तर ती वळते आणि दारावर कानासारखी उभी राहते, म्हणून ती एका बाजूने आडवी सोलून काढावी. पाच रंगांचा संच मिळतो, पण तो एकट्याच्या विचारमंथनासाठी घेऊ नये. कोणती कल्पना कोणत्या रंगावर लिहावी हे ठरवताना आपण लिहिण्याआधीच निवड करू लागतो. साठ रुपयांचा एकरंगी पॅड अशा दोन बैठकांना पुरतो, आणि तेवढ्यासाठी तो मी पुन्हा घेईन.

निवड मात्र एकट्याने करू नये, असे माझे मत झाले आहे. ‘चकलीऐवजी कडबोळी’ ही चिठ्ठी मी गंमत म्हणून केराच्या डब्यात टाकली होती. संध्याकाळी केर काढताना पत्नीने ती उचलली, आणि कडबोळे जाड व आटोपशीर असते, ते मोडेल कशाला, असे विचारले. यंदाच्या दरपत्रकात कडबोळी चकलीच्या वर छापली आहेत.