हायड्रोजन की लिथियम? फोर्कलिफ्टचा ताफा बदलण्याआधी

भिवंडी-चाकणकडच्या ओळखीच्या मंडळींकडून हल्ली एकच विचारणा होते. लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या फोर्कलिफ्टमधून आता काढायच्याच आहेत, तर थेट हायड्रोजनवर जावं की लिथियमवर थांबावं? मी अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनियात, गोदामांच्याच कामात आहे. आधीच्या नोकरीत हायड्रोजन फ्युएल सेलवर, म्हणजे हायड्रोजनपासून गाडीतच वीज बनवणाऱ्या यंत्रावर, चालणारा फोर्कलिफ्टचा ताफा सांभाळला. आताच्या ठिकाणी नवा ताफा निवडायची वेळ आली तेव्हा लिथियम घेतलं. म्हणजे माझा कल कुठे आहे हे उघड आहे. तरी हायड्रोजनची बाजू लंगडी आहे असं मी म्हणणार नाही.

ही बाजू कळायची तर तीन शिफ्टचं गोदाम डोळ्यांसमोर आणा. लेड-अ‍ॅसिडचा हिशेब सगळ्यांना पाठ आहे: आठ तास काम, आठ तास चार्जिंग, आठ तास थंड होणं. म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या एका ट्रकमागे (फोर्कलिफ्टलाच आम्ही ट्रक म्हणतो) दोन-तीन बॅटऱ्या, आणि एकेकीचं वजन टनाच्या घरात. शिफ्ट बदलताना बॅटरी रूमसमोर रांग लागते. शेवटच्या तासाभरात ट्रक मलूल होतो, वरच्या रॅकवर पॅलेट चढवताना काटे रेंगाळतात. फ्रीझरमध्ये तर हे सगळं लवकर सुरू होतं. हायड्रोजनने हा त्रास एका फटक्यात संपवला. ड्रायव्हर स्वतःच नोझल लावतो, दोन-तीन मिनिटांत ३५० बार दाबापर्यंत टाकी भरते आणि टाकी संपेपर्यंत ट्रकचा जोर तसाच राहतो. बॅटरी रूमच्या जागेत रॅक उभे करता येतात. ड्रायव्हर मंडळी हायड्रोजनवर मनापासून खूश होती, हे मी स्वतः पाहिलं आहे.

पैशाचं गणित मात्र वेगळं मांडावं लागतं, कारण अमेरिकेत या गणिताच्या पायाशी पहिल्यापासून सरकारी पैसा आहे. २००९ च्या आर्थिक पॅकेजमधून ऊर्जा खात्याने सुरुवातीच्या शेकडो ट्रकना हातभार लावला. शिवाय फ्युएल सेलवर ३० टक्के करसवलत होती, किलोवॅटमागे ३,००० डॉलरच्या मर्यादेत. ती २०१६ अखेर संपली आणि २०१८ च्या कायद्याने परत आली. बीएमडब्ल्यूच्या स्पार्टनबर्ग कारखान्यात २०१० पासून हायड्रोजन ट्रक आहेत. २०१७ मध्ये अ‍ॅमेझॉन आणि वॉलमार्ट या दोघांनी फ्युएल सेल बनवणाऱ्या प्लग पॉवर कंपनीशी मोठे करार केले, पण त्या करारांत खरेदीच्या बदल्यात प्लगचे शेअर घेण्याचे हक्कही त्यांना मिळाले होते. सेल्सवाला ही नावं दाखवेल तेव्हा हे लक्षात असू द्या. तुम्हाला-मला तो सौदा मिळणार नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेचा २०१३ चा अभ्यासही हमखास पुढे केला जातो. अभ्यास चांगला आहे. मोठ्या ट्रकच्या वार्षिक खर्चात हायड्रोजनमुळे सुमारे दहा टक्के बचत होऊ शकते, असं त्यात दिसतं. पण समोरचा पहिलवान कोण होता ते बघा: लेड-अ‍ॅसिड, तेही जास्त शिफ्टमध्ये. बॅटरी बदलणं, बॅटरी रूम, जादा बॅटऱ्या, या खर्चांवरच ती बचत उभी आहे. लिथियम हे तिन्ही खर्च तितकेच साफ पुसून टाकतं. माझ्या मते सगळी चर्चा इथेच फिरते, आणि कोटेशनमध्ये हा मुद्दा क्वचितच येतो.

इंधनाचं बोलायचं तर साधा हिशेब पुरतो. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबून भरायची वीज वेगळी. त्या एका किलोतून फ्युएल सेल ट्रकला साधारण १६-१७ युनिट देतो. तीच ५५ युनिट लिथियमच्या चार्जरला दिली तर ४५ च्या वर ट्रकला मिळतात. म्हणजे हिरवा हायड्रोजन (अक्षय विजेवर पाण्यापासून काढलेला) कितीही स्वस्त झाला तरी ट्रकच्या तेवढ्याच कामासाठी लिथियमच्या जवळजवळ तिप्पट विजेची किंमत त्यात राहणारच. अमेरिकेत बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनतो, म्हणून ते गणित थोडं वेगळं दिसतं. पण उणे २५३ अंशांवर द्रवरूप करून टँकरने आणायचा खर्च त्यात मिळवावाच लागतो.

एवढं असूनही मी कदाचित हायड्रोजनच घेतला असता. माझा निर्णय फिरवला तो कॉम्प्रेसरने, म्हणजे हायड्रोजन दाबून भरणाऱ्या यंत्राने.

बॅटरीच्या ताफ्यात एक चार्जर बिघडला तर एक ट्रक अडतो, फार तर दोन. हायड्रोजनमध्ये टाकी एक, कॉम्प्रेसर एक, डिस्पेन्सर (भरायचे पंप) दोन. कॉम्प्रेसर पूर्ण बंद पडला तर निदान सगळ्यांना कळतं. खरा जाच होतो तो अर्धवट बिघाडाचा. साठवणीतला दाब हळूहळू उतरतो, ट्रक ३५० ऐवजी दोनशेच्या आसपास भरून निघतात. डिस्पेन्सरवर ‘फिल पूर्ण’ असंच दिसतं. मग शिफ्टच्या मधेच सगळे पुन्हा भरायला येतात, लागोपाठ भरण्यामुळे दाब सावरायला वेळच मिळत नाही, पुढच्याला आणखी कमी मिळतो. डॉकवर ट्रेलर उभे, आत ट्रकची रांग, आणि सुपरवायझर कोणाला आधी सोडायचं ते ठरवत बसलेला. आमचा स्वतःचा इलेक्ट्रिशियन तिथेच असायचा, पण उच्च दाबाच्या लाइनला हात लावायची परवानगी त्याला नव्हती. बाहेरचा तंत्रज्ञ येईपर्यंत भाड्याचे प्रोपेन ट्रक आणून डॉक चालू ठेवायचा. त्या भाड्याची रक्कम कुठल्याही तुलनेच्या तक्त्यात नसते. माझा अनुभव एकाच ठिकाणचा आहे, दुसऱ्यांचा चांगला असू शकेल. पण आपलं अख्खं गोदाम दुसऱ्याच्या एका यंत्रावर टांगलेलं आहे ही जाणीव झोप उडवणारी असते.

लिथियमलाही जाच आहेतच. बॅटरी लेड-अ‍ॅसिडच्या दुप्पट-तिप्पट महाग पडते. शून्याखाली चार्ज केली तर सेल खराब होतात, म्हणून चार्जर फ्रीझरच्या बाहेर लागतात आणि पॅकमध्ये हीटर लागतो. आणि चहाच्या सुट्टीत सगळ्यांनी एकदम प्लग लावले की बिलात डिमांड चार्ज (एका वेळी ओढलेल्या सर्वाधिक विजेवरचा आकार) उसळतो. आम्ही सुट्ट्या पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढेमागे केल्या आणि चार्जरना लोड मॅनेजमेंट बसवलं, तेव्हा ते आटोक्यात आलं. ट्रक सोडताना प्लग लावायची सवय अंगवळणी पडायला थोडे दिवस गेले. ह्या सगळ्या अडचणी माझ्या माणसांच्या हातात होत्या, आणि मला तेच हवं होतं.

शेकडो ट्रक, चोवीस तास काम, दोन कॉम्प्रेसर बसवायची ऐपत, आणि वीज कंपनी वाढीव लोड द्यायला वर्षं लावते आहे, अशी परिस्थिती असेल तर हायड्रोजनचा विचार जरूर करावा. तिथे तो उजवाही ठरू शकेल.

आपल्याकडे मात्र घाई नको असं मला वाटतं. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी १९,७४४ कोटी रुपये आहेत, पण त्याचा रोख मुख्यतः खत, रिफायनरी, पोलाद यांकडे आहे. भिवंडीतली बरीच गोदामं भाड्याची. मालकाला आवारात हायड्रोजनची साठवण चालेल का, हे पहिलं विचारा. नंतर पेसोच्या, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेच्या, परवानग्या आहेत. त्यांचं मुख्यालय नागपुरात असलं म्हणून काम सोपं होत नाही. लिथियमसाठी फक्त मंजूर लोड तपासावा लागेल आणि महावितरणच्या बिलातल्या मागणी आकाराकडे (डिमांड चार्जकडे) लक्ष ठेवावं लागेल. दोन शिफ्ट आणि वीस-तीस ट्रक असतील तर माझा कौल लिथियमला.

तरीही हायड्रोजनचं कोटेशन मागवणार असाल तर त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: किलोमागे दर किती वर्षं बांधलेला आहे, राखीव कॉम्प्रेसर कोणाच्या खर्चाने, आणि दाब पडला तर किती तासांत माणूस येणार व तोवर भाड्याच्या ट्रकचे पैसे कोण भरणार. तिसऱ्या कलमावर पुरवठादार सही करायला तयार असेल तर मला जरूर कळवा. माझ्या वेळी कोणी तयार झालं नव्हतं.